पुरण वाटताना मिक्सर बंद पडला

प्रश्न: 750 वॅटचा मिक्सर मध्येच थांबला. जळका वास नाही. उद्या होळी, दुकानं बंद. काय तपासू?

उत्तर 1: तळाशी लाल बटण असतं, ते ओव्हरलोडने बाहेर येतं. प्लग काढा, अर्धा तास थंड होऊ द्या, मग बटण दाबा. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. गार पुरण घट्ट होतं, मोटर अडते. कोमट असतानाच वाटा.

उत्तर 2: तरीही ढिम्म? कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे दोन तुकडे) झिजले असतील; जोडीनेच बदला. मोटर फिरते पण पातं नाही, तर कपलर (मोटरला भांड्याच्या पात्याशी जोडणारी वरची चकती) गेला. बहुतेकांत तो उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने सुटतो.

उत्तर 3: आजच्यापुरतं पुरणयंत्र काढा हो! पुरण गरम असतानाच फिरवा.