अनुभव धागा: जर्मनीत शिकायला गेलात, कुठलं गणित चुकलं?

सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी मेकॅनिकल शिकवतो. दिवाळीची सुट्टी संपली की शेवटच्या वर्षाची पोरं स्टाफरूमच्या दारात घुटमळायला लागतात. आधी "सर, एलओआर" म्हणजे शिफारसपत्र, मग ठरलेला प्रश्न: "सर, जर्मनीत फी नसते ना?"

माझी अडचण अशी की मी स्वतः बेंगळुरूच्या पलीकडे गेलेलो नाही. कागदावरचं तेवढं सांगतो. सरकारी विद्यापीठांतली शिकवणी फी २०१४ पर्यंत सगळ्या राज्यांनी काढून टाकली, पण बाडेन-व्युर्टेम्बर्गने २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो लावले, आणि म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली. नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या मुलांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, लागतं. सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक अकाउंटमध्ये, म्हणजे वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचा आणि महिन्याच्या हप्त्याने सुटतो त्या खात्यात, ११,९०४ युरो दाखवायचे. युरो ९० चा धरला तरी पावणेअकरा लाख होतात, म्हणजे 'फुकट' शिक्षणाचं हे तिकीट. सीजीपीए जर्मन मार्कांत बसवायचा बव्हेरियन फॉर्म्युलाही मी फळ्यावर मांडून देतो. दहापैकी आठ मिळाले आणि पासिंग चारला असेल, तर दहातून आठ गेले दोन, गुणिले तीन, भागिले सहा, अधिक एक. आले २.०. तिकडे १ सगळ्यात वर आणि ४ म्हणजे काठावर पास.

यापुढे माझी गाडी अडते. म्हणून जे जाऊन आलेत, तिथेच आहेत किंवा ज्यांची मुलं तिथे आहेत, त्यांनी लिहा. बर्फातले फोटो पोरांनी बघितलेत. काय चुकलं ते हवंय.

केम्निट्झ, २०१८. मूळचा सातारा

सर, माझ्या वेळी ब्लॉक अकाउंट ८,६४० युरोचं होतं, महिन्याला ७२० सुटायचे. माझी समजूत अशी की विमानातून उतरलो की पैसे हातात. प्रत्यक्षात आधी राहायचा पत्ता पालिकेत नोंदवायचा, मग बँकेत खातं, आणि ते झालं की पहिला हप्ता. पत्ता नोंदवायला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. मी उतरलो ४ ऑक्टोबरला आणि होस्टेलची खोली मिळणार होती १ नोव्हेंबरला. मधले चार आठवडे एका सिनियरच्या खोलीत खाली गादी टाकून, त्याच्या मालकाला पत्ता लागू न देता. मग सही कोण देणार? सही नाही, पत्ता नाही, खातं नाही, पैसे नाहीत. खिशात ६०० युरो रोख होते. त्यातून सेमिस्टरची वर्गणी गेली, विम्याचा पहिला हप्ता गेला, आणि उरलेल्यात महिनाभर ब्रेड आणि बटाटे. त्या महिन्यात बाबांना फोनवर "जेवण मस्त आहे" म्हणून रोज सांगत होतो.

दुसरं म्हणजे पत्रपेटी. तिकडे सगळं पत्राने येतं. पत्ता नोंदवल्यावर काही दिवसांनी जर्मन भाषेतलं एक छापील पत्र आलं. मी जाहिरात समजून खिडकीत ठेवलं, वर चहाचा कप. ती रेडिओ-टीव्हीची वर्गणी होती, प्रत्येक घराला सक्तीची, तेव्हा महिन्याला साडेसतरा युरो. घरात टीव्ही नाही म्हणून सुटका नसते. अकरा महिन्यांनी १९२.५० आणि वर दंड, असं एकदम भरलं. एका फ्लॅटमध्ये चौघं असाल तर ती एकानेच भरायची आणि वाटून घ्यायची. हे आधी माहीत असतं तर त्या कपाखालचं पत्र मी त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घेतलं असतं.

नाशिकची, पूर्व जर्मनीतल्या एका शहरातून

माझं गणित पैशांचं चुकलं नाही, परीक्षेचं चुकलं.

आपल्याकडे इंटर्नल असतात, सबमिशन असतं, मागच्या पाच वर्षांचे पेपर असतात, आणि आदल्या रात्री जागून साठ काढता येतात. मी इंजिनिअरिंगला डिस्टिंक्शनवाली. तिकडे बहुतेक विषयांना सत्राच्या शेवटी एकच पेपर, शंभर टक्के त्याच्यावर. वर्गात हजेरी नाही, कुणी विचारत नाही, म्हणून पहिले दोन महिने अगदी सुखाचे वाटतात. परीक्षेलाही आपणच ऑनलाइन नाव नोंदवायचं, तारीख चुकली तर पुढच्या सत्रात. आणि कुठलाही सक्तीचा विषय तीनदा. तिसऱ्यांदा नापास झालात तर नाव कमी होतं, आणि तोच कोर्स मग जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. व्हिसाही या प्रवेशावरच टांगलेला असतो. हे नियमावलीत पहिल्या दिवसापासून छापलेलं होतं. मी ते वाचलं दुसऱ्यांदा नापास झाल्यावर.

विषय कंट्रोल सिस्टिम्सचा. पहिल्यांदा ५.०, दुसऱ्यांदा ५.०. निकालानंतर एक दिवस ठरवलेला असतो, त्या दिवशी जाऊन आपला तपासलेला पेपर बघता येतो. पहिल्या वेळी मी गेलेच नाही. मनात हेच की प्रोफेसरांना वाटेल ही मार्कांसाठी भांडायला आली. दुसऱ्या वेळी वर्गातल्या एका तुर्की मुलीने हाताला धरून नेलं. लाकडी बाकांवर पेपर मांडलेले, आपला शोधून बसायचं. माझं उत्तर पान भरून होतं, सगळं पाठांतर: व्याख्या, आकृती, व्याख्या. समासात शिसपेन्सिलीने एकच शब्द, 'का?', चार ठिकाणी. असिस्टंटने शेजारी बसून वीस मिनिटं समजावलं की मार्क आकृतीला नसतात, ती पद्धत का निवडली ते लिहिण्याला असतात. आवाजात राग नव्हता. उलट त्यांनी विचारलं, मागच्या वेळी का आला नाहीत?

तिसऱ्या प्रयत्नाआधीचे चार महिने मी कुणाशी धड बोलले नाही. निकाल लागला: ४.०. घरी फोन केला तर आई म्हणाली, "अगं बाई, दहापैकी चार?" त्या दिवशी आम्ही दोघी फोनवर हसत होतो आणि रडतही होतो.

सर, पोरांना फॉर्म्युला शिकवता तसं हेही शिकवा: परीक्षेतून नाव काढून घेता येतं. मुदतीच्या आत काढलं तर प्रयत्न मोजत नाहीत. तयारी नसेल तर "बसून बघू" हा आपला बाणा घातक आहे.

मागदेबुर्ग, दुसरं सेमिस्टर

छोटंसं. कुकर नेलात तर शिट्टी दुपारी वाजवा. मी रात्री साडेदहाला डाळ लावली, खालच्या आजी वर आल्या आणि दारातूनच घड्याळ दाखवलं. दहानंतर शांतता. रविवारी दुकानं बंद हेही खरंच असतं, शनिवारी कांदे आणून ठेवा.

हायडेलबर्ग. सासवडची, एम.ए.

धागा इंजिनिअर लोकांचा दिसतोय, तरी लिहिते. मी दक्षिण आशिया अभ्यास शिकायला गेले. घरी सगळ्यांचा प्रश्न एकच: भारताबद्दल शिकायला जर्मनीला कशाला? मलाही धड उत्तर देता यायचं नाही. पहिल्याच महिन्यात ग्रंथालयात सोनथायमर यांचं पुस्तक हाताला लागलं, बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा, १९७६ सालचं. हा माणूस हायडेलबर्गला शिकवत होता आणि आपल्या धनगरांच्या ओव्या गोळा करत रानोमाळ फिरला. माझी आजी चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य करते, जेजुरी आम्हाला हाकेवर. आणि मला ते वाचायला जर्मन डिक्शनरी घेऊन बसावं लागलं, कारण पुस्तक जर्मनमध्ये! त्या आठवड्यात मी जर्मनच्या बी१, म्हणजे मधल्या पातळीच्या, क्लासला नाव घातलं.

खर्चाचं सांगायचं तर हायडेलबर्ग बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, त्यामुळे सेमिस्टरला १५०० युरोची फी लागतेच. ग्रंथालयात विद्यार्थी-मदतनीस म्हणून काम मिळालं, त्याला तिथे 'हीवी' म्हणतात. विद्यापीठाबाहेर काम केलं तर दिवसांवर मर्यादा असते, पूर्वी वर्षाला १२० पूर्ण दिवस, मार्च २०२४ पासून १४०. माझ्या कामातून भाडं निघतं, फी निघत नाही. आर्ट्सवाल्यांनी स्कॉलरशिपशिवाय जाऊ नये असं मी म्हणत नाही, पण मी गेले आणि दोन वर्षं नवा स्वेटर घेतला नाही. जाता जाता: इरावती कर्वे १९२८ ला बर्लिनला गेल्या आणि १९३० ला डॉक्टरेट घेऊन आल्या. घरच्यांचं तोंड बंद करायला हे मला फार उपयोगी पडलं.

एक पालक, लातूर

नमस्कार सर. मुलगा बर्लिनला आहे. पुण्यातल्या एका सल्लागाराकडून गेला. ते म्हणाले, काका, आम्ही तुमच्याकडून एक रुपया घेत नाही. मला भला माणूस वाटला. त्याने दाखवलेली तिन्ही कॉलेजं खासगी निघाली. फी वर्षाला बारा हजार युरो. सरकारी विद्यापीठाचं विचारलं तर म्हणे, तिथे प्रवेश अवघड असतो, वर्ष वाया जाईल. खासगी कॉलेज सल्लागाराला विद्यार्थ्यामागे कमिशन देतं, आणि सरकारी विद्यापीठात त्याला काही सुटत नाही, हे मला मुलाच्या रूममेटच्या वडिलांनी नंतर सांगितलं. मुलाला ७.८ सीजीपीए होता. सरकारीला नुसता अर्ज तरी करून बघायला हवा होता.

बँकेत घर तारण ठेवून वीस लाख उचलले, साडेदहा टक्क्यांनी. हप्ता शिक्षण संपल्यावर, एवढंच डोक्यात बसलं होतं. व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं, वर्षाला दोन लाख दहा हजार. मी निवृत्त शिक्षक आहे, गणिताचाच. मुलावर राग नाही. त्याला यातलं काही सांगितलेलंही नाही, तुम्हीही सांगू नका.

कोल्हापूर, परत आलेला

मार्च २०२० मध्ये थीसिस दिला, म्हणजे मुहूर्त बघाच. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. मी दोनशेच्या वर अर्ज केले. कोर्स इंग्रजीतून, मित्र सगळे आपले, रात्री पत्ते, त्यामुळे दोन वर्षांत माझं जर्मन ए२ वर, म्हणजे सुरुवातीच्याच पातळीवर, अडकलं होतं. ज्या दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावलं तिथे पाचव्या मिनिटाला ते जर्मनवर आले आणि मी गप्प झालो. कोरोनावर ढकलता येतं, आणि मी दोन वर्षं ढकललंच. पण माझ्याच बॅचचा इचलकरंजीचा मुलगा, मार्क माझ्यापेक्षा कमी, बी२ करून त्याच वर्षी लागला.

२०२१ च्या शेवटी परत आलो. आता शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आमचं कास्टिंग जर्मनीला जातं. तिकडून रिजेक्शनचा मेल जर्मनमध्ये आला की साहेब मला हाक मारतात, आणि मी डिक्शनरी उघडून बसतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. लातूरच्या सरांचं वाचून दोनदा थांबलो. हे सगळं छापून स्टाफरूमच्या बोर्डावर लावलं, पालकांचा अनुभव तेवढा वगळून. दुपारी दोघं वाचत उभे होते. एकाने परीक्षेच्या नियमावलीचा फोटो काढून घेतला. दुसरा बराच वेळ रेंगाळला, म्हटलं काहीतरी मोठं विचारणार. शेवटी म्हणाला, "सर, मग कुकर न्यायचा का नाही?"