अनुभव धागा : वीज-पाणी बेताचं असलेल्या बेटावर, सहकुटुंब

अंदमान, लक्षद्वीप, मालदीवला जाऊन आलेले इथे बरेच असतील. हा धागा त्यांतल्या आडबाजूच्या बेटांसाठी आहे, जिथे वीज थोडा वेळ, पाणी बेतानं आणि फोनला रेंज नावापुरती. तेही घरच्या लहानथोरांना घेऊन गेला असाल तर. तिथे तुमचा दिवस कसा जायचा ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही अंदमानातल्या लाँग आयलंडला गेलो होतो. हॅवलॉकच्याही उत्तरेला. बरेचसे पर्यटक हॅवलॉकलाच उतरतात, पुढे बोटीत उरतात ती गावची माणसं, तांदळाची पोती आणि कोंबड्या. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, त्यांचं कसं होईल याची मला धास्ती होती. पण अंदमान मुंबईच्या जवळजवळ वीस अंश पूर्वेला आणि घड्याळ मात्र तेच. हिवाळ्यात सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, उजाडतंही लवकर. आईंचं आयुष्यभराचं वेळापत्रक हेच! त्या पहाटे उठून आवरून बसायच्या, आठला दिवे मालवून झोपायच्या, आणि आम्हीही त्यांच्या मागोमाग. लालाजी बे किनाऱ्यावर जंगलातून पायवाट जाते. मुलं तिकडून गेली, आईंना छोट्या होडीतून नेलं.

दोन गोष्टी आवर्जून सांगते. वाळूतल्या बारीक माश्या चावल्या की आठवडाभर खाज जात नाही, म्हणून पायांना खोबरेल तेलाचा जाड थर लावा. आणि अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाजवळ मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. कुठे पोहायचं ते गावकऱ्यांनाच विचारा.

——

आम्ही लक्षद्वीपला, अगत्ती आणि बंगारम. परवान्याचे कागद आधीच करून ठेवावे लागतात. मी रत्नागिरीचा, त्यामुळे समुद्राचं अप्रूप नाही. मला अप्रूप वाटलं ते विहिरीचं. आंघोळीला साबण लावला तर फेसच येईना. तिथल्या एका नाववाल्या काकांनी माझ्या लेकीला समजावलं : प्रवाळाच्या बेटावर नदी-ओढा नसतो. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन तरंगतं. जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं. त्यानंतर आमच्या घरात नळ कुणी उघडा ठेवला तर ती सगळ्यांवर ओरडते, आजोबांवरसुद्धा.

ओहोटीला बायका-मुलं खडकांवर ऑक्टोपस शोधत फिरतात. एका मावशींनी बिळात सळई घालून अलगद फिरवली, आणि तपकिरी रंगाचा तो प्राणी बाहेर येता येता पांढरा पडला. लेकीनं श्वास रोखून धरला होता. प्रवाळाचे तुकडे मात्र उचलून आणू नका, कायद्यानं बंदी आहे. मुलांचे खिसे परतताना तपासा.

——

ऑकलंडहून लिहितेय. आम्ही फिजीच्या यासावा बेटांवर गेलो होतो, नांदीजवळच्या डेनाराऊ बंदरातून पिवळ्या कॅटामरॅन बोटीनं. रात्री जनरेटर बंद, प्यायला पावसाचं साठवलेलं पाणी. गावात शिरताना टोपी काढायची, खांदे-गुडघे झाकायचे आणि मुखियाला यंगोनाची मुळं भेट द्यायची, त्यांचंच कावा नावाचं पेय करतात. बाबांनी ती जुडी दोन्ही हातांनी, वाकून दिली, देवळात नारळ ठेवतात तशी. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. पुढचा तासभर ते तिथल्या म्हाताऱ्यांबरोबर मांडी घालून बसले होते. माझ्यासाठी ती सहल म्हणजे तो तास.

——

वरचं सगळं वाचून एक विचारतो : आईला इन्सुलिन लागतं. रात्रभर फ्रिज बंद असेल तर काय करता?

——

@वरील : पाण्यात भिजवून वापरायची खास थैली मिळते, बाष्पीभवनानं थंड राहते. पण बेटावरच्या दमट हवेत ती कमी चालते, तेव्हा सावलीत, वारा लागेल अशी टांगा. वापरातलं पेन बाहेर किती दिवस चालतं ते त्याच्या कागदावर असतं, डॉक्टरांनाही विचारून घ्या. जास्तीचा साठा दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. आणि निघण्याआधी बेटावर दवाखाना आहे का, समुद्र खवळून बोटीची फेरी रद्द झाली तर पुढची कधी, हे फोन करून नक्की करा.