हनुवटीवरचे केस: लेझर आधी की गोळ्या आधी?

अबोली_डिचोली

वय २६. पीसीओडी (बीजकोश आणि हार्मोन्सची गडबड) आहे हे पाच वर्षांपूर्वीच कळलं. पाळी कधी ४० दिवसांनी, कधी ७०. त्याची सवय झाली, हनुवटीची होत नाही. काळे, राठ केस, गळ्यापर्यंत. दर आठ दिवसांनी थ्रेडिंग करते. मग पुटकुळ्या येतात, त्या गेल्या की काळे डाग राहतात. आपल्या गोव्यातला घाम तर ठाऊकच आहे.

मी कुंडईला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. आत टोपी आणि मास्क असतो, म्हणून आठ तास सुखाचे. पण दाढीवाल्यांसाठी वेगळं कव्हर असतं, त्याचं खोकं चेंजिंग रूमच्या दारातच ठेवलेलं. मागच्या महिन्यात नवा सुपरवायझर सगळ्यांना म्हणाला, "दाढी असेल त्यांनी कव्हर विसरायचं नाही." बोलताना त्याची नजर माझ्यावर थांबली की मलाच तसं वाटलं, देव जाणे. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मास्क काढलाच नाही. हुमण-भाताचा डबा तसाच घरी नेला.

तुळशीच्या लग्नानंतर धाकट्या बहिणीचं लग्न आहे. पार्लरवाली म्हणते सहा वेळा लेझर, केस कायमचे जातील. आमच्या डॉक्टर म्हणतात आधी हार्मोन्स तपासू, मग गोळ्या. आई म्हणते काहीही कर, पण ब्लेड लावू नको, पुरुषासारखी दाढी येईल. हातात दोन महिने आहेत. आधी काय करू?

कुळागर७२

बेसन, हळद आणि साय रोज चोळ. माझ्या भाचीला गुण आला. पुदिन्याचा चहाही घे.

रंगपटातली

अबोली बाय, वरचं उटणं मी कॉलेजात असताना दोन वर्षं चोळलं. चेहरा पिवळा झाला, केस होते तिथेच. पुदिन्याचा चहा चांगला लागतो, तेवढ्यासाठी प्यावा.

आता आईला काय सांगायचं ते. मी फोंड्याकडे मराठी शाळेत शिकवते, घरची थोडी शेती आहे. भात कापल्यावर शेतातून अनवाणी चाललं की खुंट टोचतात. म्हणून कापल्याने काडी जाड झाली का? वरचं निमुळतं टोक गेलं आणि बोथट बुडखा राहिला. केसाचंही तेच. मूळ कातडीखाली असतं, वरून वस्तरा फिरला हे त्याला कळतसुद्धा नाही.

मला हे कुणी शिकवलं माहीत आहे? आमच्या देवळाच्या उत्सवी नाटकाच्या रंगभूषाकाराने. मी वीसेक वर्षं जत्रेच्या नाटकात काम करते. एका वर्षी प्रयोगाच्या सकाळी मी थ्रेडिंग करून गेले. त्याने माझी हनुवटी बल्बखाली धरली. शेजारी आमचा सेनापती डिंकाने दाढी चिकटवून घेत बसलेला, आणि माझी खरी! मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तो मात्र शांतपणे म्हणाला, "बाय, सुजलेल्या कातडीवर रंग बसत नाही आणि केसांवर तर तो तरंगतो. पुढच्या वेळी आदल्या रात्री रेझर फिरव." इतक्या वर्षांत माझ्या हनुवटीबद्दल इतक्या सरळपणे बोललेला हा पहिला माणूस. तेव्हापासून मी तेच करते. चेहरा ओला करायचा, कोरफडीचा गर लावायचा, नवं पातं, केसांच्या दिशेने, दाब न देता. चार मिनिटं लागतात. पुटकुळ्या खूपच कमी झाल्या.

लेझरचं मात्र माझं चुकलं. २०१६ साली भिशीचे पैसे उचलले आणि एकही तपासणी न करता एका पार्लरात आठ वेळा करून घेतलं. हनुवटीचे राठ केस खरंच विरळ झाले. पण तिथली मुलगी म्हणाली, आलाच आहात तर गालावरची लवही घालवू. तिथे नुसती लव होती गं! सहा महिन्यांनी त्या जागी काळे केस दिसायला लागले. पुढे त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की असं होऊ शकतं, विशेषतः चेहऱ्यावर आणि आपल्यासारख्या वर्णाच्या बायकांत. बारीक लवेत रंगद्रव्य कमी असतं, तिला जळण्याइतकी उष्णता मिळत नाही. उलट ती चेतवली जात असावी, असा त्यांचा तर्क.

आणि हनुवटीचे वर्षभरात परत आले, कारण आतला कारखाना चालूच होता. आपल्यासारख्या पीसीओडीवाल्या बऱ्याच जणींच्या अंगात इन्सुलिन जास्त असतं. ते बीजकोशांना पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं, शिवाय त्या हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी तयार होतं. मग मोकळं सुटलेलं टेस्टोस्टेरॉन लवेचा राठ केस करतं. एकदा राठ झालेला केस गोळ्यांनी सहसा पुन्हा लव होत नाही. गोळ्या पुढची भरती रोखतात, आधीच भरती झालेल्यांना लेझरनेच घालवावं लागतं. म्हणून 'आधी काय' याचं उत्तर, आधी तपासणी. मग दोन्ही बरोबर.

पण लग्नापर्यंत यातलं काहीच पुरं होणार नाही. गोळ्यांचा गुण दिसायला सहा महिने लागतात. लेझर चेहऱ्यावर साधारण ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने करतात, कारण वाढीच्या अवस्थेतला केसच त्याला सापडतो. मधल्या काळात थ्रेडिंग बंद, मुळाशी केस नसेल तर लेझर धरणार कशाला? रेझर चालतो. सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचं एनडी याग यंत्र त्यातल्या त्यात सुरक्षित, तेव्हा पैसे भरण्याआधी यंत्र कोणतं ते विचार. आणि 'कायमचे जातील' म्हणाली तर लगेच उठू नको, पण पर्स उघडू नको. लेझरने केस दीर्घकाळ कमी होतात, कायमचा एकेक केस घालवते ती इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे केसाच्या मुळाशी बारीक सुईने वीज सोडणं.

बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात त्वचेची आणि स्त्रीरोगाची ओपीडी आहे, सकाळी लवकर जा. तिथे केसांना गुण देतात. अंगाचे ९ भाग, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ३६ पैकी. मला १४ पडले होते. मास्तरणीला कमी गुणांची हौस तेव्हा पहिल्यांदा वाटली.

सिस्टर_पेडणे

ताईंनी छान लिहिलंय. दोन गोष्टी जोडते. रक्त बहुतेक वेळा पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सकाळी द्यायला सांगतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर टेस्टोस्टेरॉनचा आकडा खरा येत नाही, तेव्हा घेत असशील तर आधीच सांग. बरोबर थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि साखरही बघतात. सोनोग्राफीत 'गाठी' लिहून आलं तर घाबरू नको, त्या अर्ध्यावर वाढ थांबलेल्या बीजपुटिका असतात.

स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे पुरुषी हार्मोनला अडवणारी गोळी, मैत्रिणीची उरलेली म्हणून घेऊ नको. ती घेताना गर्भ राहिला तर मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून डॉक्टर ती गर्भनिरोधकाबरोबरच देतात. आणि केस दोन-चार महिन्यांत भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, तर लग्नबिग्न बाजूला ठेवून आधी दवाखाना. तुझं पाच वर्षांचं आहे, म्हणजे ते तसं वाटत नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

अबोली_डिचोली

ताई, सिस्टर, देव बरें करूं. सोमवारी बांबोळीला जाऊन आले. मला ११ गुण. ताईंपेक्षा तीनाने पुढे की मागे, कळत नाही. वजन थोडं उतरवा म्हणाल्या, ते अपेक्षितच होतं. रक्त पाळी आल्यावर. माझी पाळी म्हणजे गावची शेवटची बस, आली तर आली. पार्लरवालीला यंत्र कोणतं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "इम्पोर्टेड."

रेझर आणला. शुक्रवारी रात्री फिरवला, शनिवारी कॅन्टीनमध्ये मास्क काढून जेवले. कोणी बघितलं नाही, किंवा मीच बघितलं नाही कोण बघतंय ते.

आईला तो न्हाणीत दिसला. हातात घेऊन उलटसुलट केला. "इतका लहान? बाबांचा नव्हे मगो?" मी भाताच्या खुंटाचं सांगितलं. काही बोलली नाही. रात्री भांडी घासताना पाठमोरीच राहून विचारलं, तिच्या ओठावरच्यांना तो चालेल का.