कलापाना: माणसं वाचली म्हणजे गाव वाचलं का?

सह्यवाट: हवाईच्या बिग आयलंडवरचं कलापाना हे गाव 1990 मध्ये किलाउएआ ज्वालामुखीच्या लाव्हाखाली गेलं. उद्रेक 1983 च्या जानेवारीपासून चालू होता. शंभरावर घरं गेली, काइमूचा काळ्या वाळूचा किनारा गेला. विषय निघाला की लोक म्हणतात, 'नशीब, कोणी दगावलं नाही.' मला हे खटकतं. हा लाव्हा धावत येत नाही. वर साय धरते, आत रस भरत राहतो आणि वीतभर जाडीचा थर फुगत फुगत माणसाच्या वर जातो. आपल्या सह्याद्रीतला बराचसा कातळ असाच फुगलेला आहे, पण तेव्हा तिथे कोणाचं अंगण नव्हतं. आपल्या कुंपणाशी ते फुगताना रोज बघायचं, ही हानी मोजायची कशात?

तांबडी_माती: नाही पटलं. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लोकांना उठून बसायलाही वेळ मिळाला नाही. कलापानाला तो मिळाला. 'स्टार ऑफ द सी' हे आतून रंगवलेलं लाकडी चर्च लोकांनी अख्खं उचलून गाडीवरून हलवलं. महामार्ग 130 च्या कडेला आजही उभं आहे. निरोप घेता येणं लहान गोष्ट नाही हो.

सह्यवाट: चर्च हलवता आलं. खाडी कशी हलवणार? ती पार भरून गेली, किनारा सुमारे 300 मीटर पुढे सरकला. होडी लावायची जागाच जमिनीच्या पोटात गेली.

भीमाकाठ: माझं आजोळ उजनीत बुडालं. दुष्काळात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. अशाच एका उन्हाळ्यात आजीला आमच्या गावठाणात नेलं. भेगाळलेल्या गाळात काठी टेकवत ती सांगत होती, 'हितं जातं, हितं गोठा, हितं तुझी आई पडली होती.' कलापानावर 15 ते 25 मीटर कातळ आहे, तो कुठल्याच उन्हाळ्यात उतरणार नाही. काठी कुठे टेकवायची? सह्यवाट यांचंच बरोबर.

कोकणकडा: भावना समजते, पण तिथे लाव्हाच्या धोक्याचे 1 ते 9 पट्टे आखलेत, 1 म्हणजे सगळ्यात धोक्याचा, आणि हा भाग पहिल्या दोनांत येतो. तरी गार झालेल्या लाव्हावर पुन्हा घरं उभी राहिलीत, सौर पॅनेल नि पावसाच्या टाक्यांवर चालणारी. 2018 मध्ये हवाईतल्या त्याच पुना जिल्ह्यात लेलानी इस्टेट्स आणि कपोहोकडे सातशेवर घरं गेली. याला आठवण जपणं म्हणू नका. पुढच्या पिढीला त्याच वाटेवर बसवणं आहे हे.

भीमाकाठ: प्लॉट घेऊन आलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे मासे धरणारी हवाईयन घरं, दोघांना एकाच मापात घालू नका. दुसऱ्यांना कुठला पट्टा निवडायचा होता? ते तर पेलेला, ज्वालामुखीच्या देवीला, आपली पूर्वज मानतात. जमीन तिची, ती घेऊन गेली, असं म्हणतात.

कोकणकडा: हा फरक मान्य. घरांबद्दलचं मत मात्र तेच.

सह्यवाट: घरांपुरतं मीही तुमच्याच बाजूने येईन. पण नारळांचं काय? लोक मोड आलेले नारळ हातात घेऊन त्या काळ्या पठारावरून नव्या किनाऱ्यापर्यंत चालत गेले आणि लावत गेले. आता तिथे झाडं उभी आहेत. ती तरी राहू देत.