परदेशातून परतल्यावर घरच्या सणात तुम्हांला काम कधी सांगितले गेले?

न्यू जर्सीतील एडिसन येथे चौदा वर्षे काढून आम्ही २०२२ च्या जून महिन्यात पुण्याला कायमचे परत आलो. परतण्याची कारणे आम्ही दोघांनी कागदावर लिहून काढली होती, त्यांत सासू-सासऱ्यांच्या प्रकृतीच्या खालोखाल 'सणवार सगळ्यांबरोबर' हे कारण होते. एडिसनच्या घरी आमच्याकडे गौरी येत. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन हा क्रम मला लहानपणापासून पाठ होता, पण नोकऱ्या आणि मुलांची शाळा यांच्यामुळे तो सगळा सोहळा शुक्रवारची संध्याकाळ ते रविवार यांत बसवावा लागे. पूजनाच्या दिवशी साठ माणसे जेवायला असत आणि त्यांचे पुरण मी शिजवत असे. हे सांगते ते एवढ्यासाठीच, की काम येत नव्हते असे नव्हते.

पहिल्या वर्षी थोरल्या दिरांकडे, वाईला गेले. पदर खोचून स्वयंपाकघरात शिरले, तर जाऊबाई म्हणाल्या, "तू बस गं, दमली असशील." माजघरात पंख्याखाली माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती आणि चहा कपाटातल्या नव्या कपात आला. ते प्रेमच होते, यात मला तेव्हाही शंका नव्हती. दुसऱ्या वर्षीही तीच खुर्ची मिळाली, तेव्हा मात्र रात्री झोप लागेना. आतून पाटावरवंट्याचा आवाज येत होता, चार बायका एकमेकींना न विचारता एकमेकींच्या हाताखालचे काम उचलत होत्या, आणि त्या चौघींच्या मध्ये मला उभे राहायला जागाच नव्हती, कारण चौदा वर्षांत ती जागा भरून गेली होती. तिसऱ्या वर्षी, २०२४ मध्ये, जाऊबाईंनी मागे वळूनही न पाहता शिजलेल्या डाळीचे पातेले माझ्याकडे सरकवले आणि म्हणाल्या, "कट निथळून घे, गूळ घाल आणि शिजवायला ठेव. वेलदोड्याचे मी बघते." पुरणात उलथने उभे राहीपर्यंत मी चुलीपासून हलले नाही. माझ्यासाठी परत येणे त्या दिवशी पूर्ण झाले.

ज्यांनी परदेशातला मुक्काम हलवून पुन्हा गावी किंवा शहरी बस्तान बसवले, त्यांनी आपला अनुभव लिहावा. तुम्ही पाहुण्याचे घरचे कधी झालात? अजून झाला नसाल, तर तेही लिहावे. जे कुठेच गेले नाहीत आणि ज्यांच्या घरी आम्ही परतलो, त्यांचेही म्हणणे मला मनापासून ऐकायचे आहे.

कुडाळ (सिंगापुरात अकरा वर्षे)

सुट्टी मिळे ती डिसेंबरात, नाहीतर आंब्यांच्या दिवसांत, मे महिन्यात. त्यामुळे अकरा वर्षांत एकही चवथ घरी झाली नाही. आमच्या मूळ घरात चार बिऱ्हाडांचा मिळून एकच गणपती असतो आणि खर्चाची पाळी दर वर्षी एकेका बिऱ्हाडाकडे जाते. मी लांब असल्याने पाळी असो वा नसो, दर वर्षी पैसे पाठवत असे, आणि पाळी असली की दुप्पट पाठवत असे. घरात त्याचे कौतुकही होत असे. २०१९ मध्ये परत आलो त्या वर्षी पाळी दुसऱ्या काकांची होती, तरी मी सांगितले की या वेळचा सगळा खर्च माझा. आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पैशे धाडलंस, ता बरा केलंस. पण आता हंय आसस, तर माटवी बांधूक ये."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी लिहितो, की माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट. तिला आंब्याचे टाळ, नारळ, सुपारीचे घड, कवंडळे, हरणाची फुले, तेरडा असे त्या दिवसांत रानात आणि परसात जे मिळेल ते बांधतात. सकाळी भर पावसात आम्ही सामान आणायला डोंगरात गेलो. कवंडळाचा वेल माझ्यासमोर होता आणि मला तो ओळखता आला नाही. सातवीतल्या पुतण्याने फांद्यांत हात घालून ती नारिंगी-लाल गोल फळे माझ्या हातात दिली. मी लहानपणी दर वर्षी तोडलेली फळे होती ती. दुपारी चौकट बांधताना नारळांची बाजू माझ्याकडे आली. रात्री आरती ऐन रंगात असताना माझी एक गाठ सुटली आणि नारळ खाली आला, सुदैवाने मूर्तीपासून हातभर लांब. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखे झाले. कुणी एक शब्द बोलले नाही. आरती संपल्यावर आबांनी स्टूल घेऊन गाठ पुन्हा मारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला अंगणात बसवून तीच गाठ चार वेळा मारायला लावली. आता आबा नाहीत. नारळांची बाजू माझ्याकडेच आहे, आणि खर्च मी माझी पाळी असेल त्याच वर्षी करतो.

मिरज (मस्कतमध्ये नऊ वर्षे)

आमचे परतणे ठरवून झालेले नाही. २०२० मध्ये कंपनीने माणसे कमी केली आणि जूनमध्ये 'वंदे भारत'च्या विमानाने मी रिकाम्या हाताने आलो. मस्कतहून येताना दर वेळी दोन मोठ्या बॅगा भरून आणायचा माझा शिरस्ता होता. खजूर, अत्तर, भाच्यांना खेळणी, मेव्हण्यांना घड्याळ. माझ्या येण्याच्या दिवशी बॅगा उघडायला घर गोळा होत असे आणि खरे सांगायचे तर कुटुंबातील माझे स्थान त्या बॅगांनीच ठरले होते, असे मीच मनाशी धरून चाललो होतो.

१६ नोव्हेंबरला भाऊबीज होती. बहीण जवळच राहते, तरी मी निरोप पाठवला की या वर्षी साथीमुळे नको. ती दुपारी बाराला मास्क लावून दारात उभी. पाट मांडला, रांगोळीची दोन बोटे ओढली, सुपारी आणि अंगठीने ओवाळले. मी ताटात एकशे एक रुपये टाकले आणि मान वर केली नाही. तिने ते पैसे कपाळाला लावले, पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले आणि म्हणाली, "दादा, नऊ वर्षांत पहिल्यांदा तिथीला ओवाळते आहे तुला." आधीच्या नऊ वर्षांत मी भाऊबीजेला आलोच नव्हतो, जमेल तेव्हा येत होतो आणि ती जमेल तेव्हा ओवाळत होती, हे माझ्या तोवर ध्यानातही आले नव्हते. ती नोट तिने अजून मोडलेली नाही, असे भाचा सांगतो.

पुणे (जन्म डॅलसचा, बाराव्या वर्षी परत, आता वय २१)

मुलांच्या बाजूने लिहितो. आईवडील परत येतात, मुले मात्र नव्याने येतात, हा फरक मोठ्यांच्या लक्षात यावा असे वाटते. माझ्या आईसाठी जे माजघर आठवणींनी भरलेले होते, तिथे माझ्यासाठी चाळीस अनोळखी माणसे होती आणि त्यांतील प्रत्येकाला माझे नाव ठाऊक होते. आत्या, आतेआजी, मावसकाका, चुलतमामा यांत मी हमखास चुकत असे. वाकून नमस्कार कुणाला करायचा आणि कुणाला नुसते हसायचे, हे सांगायला कुणाला सवड नव्हती. मुलाला पुढे ढकलून "ओळखलेस का यांना?" असे सर्वांदेखत विचारू नये, एवढी विनंती मी येथे करतो. त्या प्रश्नाची मला वर्षभर भीती वाटत असे आणि मी पोटदुखीचे निमित्त सांगून दोन बारशी चुकवली.

हे बदलले ते चुलतभावाच्या मुंजीत. पंगत बसली होती, वाढणारे कमी पडत होते आणि माझ्या आत्याने मिठाची वाटी माझ्या हातात दिली. पानात वर डाव्या बाजूला, चिमूटभर, आणि लिंबाची फोड त्याच्या शेजारी, एवढेच सांगितले. मिठाला कुणी फार बोलत नाही, माणूस फक्त पानाकडे बोट करतो. मी तीन पंगतींना मीठ वाढले आणि शेवटी घरच्यांच्या पंगतीला बसलो, तेव्हा घड्याळात चार वाजले होते. पुढच्या कार्यात मला पाणी आले, मग कोशिंबीर. गेल्या डिसेंबरात बहिणीच्या लग्नात मी जिलबी घेऊन आग्रह करत फिरलो. कोण माझा कोण लागतो, हे मला पानापानांशी वाकतानाच कळत गेले.

अकोला (जर्मनीत सहा वर्षे)

आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणपोळी असा मोठा घाट असतो. माझी अडचण अगदी साधी आहे. तिकडे सण आम्ही रजेच्या सोयीने हलवत होतो. येथे सण हलत नाही आणि रजाही मिळत नाही. २०२४ मध्ये पूजन बुधवारी होते, २०२५ मध्ये सोमवारी. पुण्यातील नोकरी सांभाळून दोन्ही वेळा रात्रीच्या गाडीने अकोल्याला पोहोचलो, जेवलो आणि दुसऱ्या रात्री परत निघालो. आई म्हणाली, "तू जर्मनीहून आला की पंधरा दिवस राहत होता." तिला उत्तर देता आले नाही. परतणाऱ्यांनी पगार आणि घराइतकाच रजांचा हिशेबही आधी करावा.

मुंबई (लंडनमध्ये बावीस वर्षे)

वरचे अनुभव वाचून आनंद झाला, तरी माझा वेगळा आहे आणि तो लिहायलाच हवा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे आहे. तेथील गणपतीत, दिवाळीत आम्ही रमलो होतो, आणि तरीही मला वाटे की खरे घर गिरगावात आहे. आई गेल्यावर दोन वर्षांनी मी परतले. तोपर्यंत चाळीतील जागा गेली होती, एक चुलतभाऊ बोस्टनला, एक मेलबर्नला, मामेबहिणी बाणेर आणि बेंगळुरूला. ज्या दिवाळीच्या ओढीने आले, ती भरवणारी माणसेच राहिली नव्हती, आणि ज्यांनी ती पुढे भरवायची, त्यांत मीही बाहेरच होते. या गोष्टीचा दोष मी दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही.

पहिली दोन वर्षे मी निमंत्रणाची वाट पाहिली. मग पितृपक्षात आईच्या तिथीला, म्हणजे अविधवा नवमीला, मुंबईत उरलेल्या तीन घरांना मीच फोन केला. सात माणसे आली. आईच्या हातची आमसुलाची चटणी कशी असे, यावर मामी आणि धाकटी काकू यांचे एकमत होईना, म्हणून दोन्ही प्रकारांनी केली. श्राद्धाचे जेवण हे काही संमेलनाचे निमित्त नव्हे, असे एका नातेवाईकांनी सुनावले. मला ते पटले नाही. आईच्या नावाने तिची माणसे एका ओळीत बसून जेवली, ती माझी परतल्यानंतरची पहिली खरी पंगत. आता दर वर्षी बोलावते. गेल्या वर्षी अकरा जण होते.

सांगली जिल्हा (कुठेही गेले नाही)

धाग्यात आमचेही म्हणणे मागितले आहे, म्हणून लिहिते. माझे धाकटे दीर आणि जाऊ कॅनडाहून २०२३ मध्ये आले. मी त्या खुर्ची देणाऱ्या जाऊबाईंपैकीच एक आहे.

आम्ही खुर्ची का देतो, ते सांगते. सोळा वर्षे ती दोघे तीन आठवड्यांसाठी येत असत. त्या तीन आठवड्यांत त्यांना काय आवडते, मुलांना तिखट चालत नाही, पाणी उकळून लागते, हे सांभाळायची आम्हांला सवय झाली. माणसे कायमची आली म्हणून ती सवय एका दिवसात जात नाही. दुसरेही एक कारण आहे आणि ते लिहिताना मला जड जाते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या ती चार वर्षे मी काढली. त्या चार वर्षांतही माझ्या गौरी चुकल्या नाहीत. एका हाताने त्यांचे करायचे आणि दुसऱ्या हाताने फराळ. त्या कष्टांतून हे स्वयंपाकघर माझे झाले. जाऊ आली, तिने पहिल्याच दिवशी आपुलकीने म्हटले, "आम्ही तिकडे सारण असे करायचो, पटकन होते." तिचे चुकले नाही, पण माझा हात तिथेच थांबला, आणि मी म्हटले, तू बस.

तिच्याही मनात काही होते, हे मला वरचे पहिले मनोगत वाचून कळले. तिला रात्री झोप लागली नसेल, असे माझ्या मनात कधी आले नव्हते. काल मी तिला फोन केला. येतेस का, असे दर वर्षी विचारते, ते या वेळी विचारले नाही. आवाहनाच्या आदल्या दिवशी सकाळीच ये, मुखवटे घासायचे आहेत, असे सांगितले. पितळी मुखवटे आहेत, सासूबाईंच्या सासूबाईंपासूनचे. चिंचेच्या कोळाने घासून, मऊ फडक्याने पुसून, मग कुंकू रेखायचे असते. धाकटीचा डावा डोळा जरा झिजला आहे, तिथे हात हलका ठेवावा लागतो. ते फोनवर सांगून कळणार नाही, म्हणून सकाळी ये म्हटले. ती म्हणाली, "चिंच मी भिजवून आणू का?" मी म्हटले, आण.