डिक्सी डीनचे ६० गोल: आजच्या मापाने मोजले तर किती उरतात?

टचलाइन (धागाकर्ता)

लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबच्या विक्रमांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "डीनचे ६० गोल मोठे खरे, पण तो काळच गोलांचा होता." १९२७-२८च्या मोसमात डिक्सी डीनने फर्स्ट डिव्हिजनमध्ये ३९ सामन्यांत ६० गोल केले. इंग्लंडच्या अव्वल विभागात एका मोसमात तितके गोल त्याआधी कुणी केले नव्हते आणि नंतरही कुणी केलेले नाहीत. "काळ गोलांचा होता" हे मला मान्य आहे. मग काळाचा वाटा वजा करू आणि काय उरतं ते पाहू.

त्या मोसमात २२ संघ होते, सामने ४६२ आणि गोल १७६५. म्हणजे सामन्याला सरासरी ३.८२. तुलनेला मँचेस्टर सिटीच्या एर्लिंग हालंडचा २०२२-२३चा मोसम घेतो, कारण प्रीमियर लीगचा विक्रम त्याचा आहे: ३५ सामन्यांत ३६ गोल. त्या मोसमात ३८० सामन्यांत १०८४ गोल झाले, सरासरी २.८५. दोन सरासऱ्यांचं गुणोत्तर ०.७४७. डीनचे ६० त्याने गुणले की ४४.८ येतात. तेव्हा मोसम ४२ सामन्यांचा होता, आता ३८चा आहे, म्हणून ३८/४२ने पुन्हा गुणायचं. उत्तर ४०.५.

दोन्ही कात्र्या लावूनसुद्धा डीन ४०वर आणि हालंड ३६वर. एव्हर्टनच्याच नव्हे, इंग्लिश फुटबॉलच्या सगळ्या वैयक्तिक विक्रमांत हा पहिल्या क्रमांकाचा आहे, असं माझं मत आहे. विरोधी मतं आकड्यांसकट यावीत.

बचावफळी

असहमत. तुमचा हिशेब चुकलेला नाही, पण त्यामागचं गृहीतक चुकीचं आहे.

१९२५च्या उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला. त्याआधी चेंडू पुढे खेळला जाताना आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत, त्यानंतर दोन पुरू लागले. जुन्या नियमात एक फुलबॅक (मागच्या फळीतला बचावपटू) मागे राहायचा आणि दुसरा पुढे सरकून आघाडीवीराला ऑफसाइडमध्ये पकडायचा. डाव फसला तरी मागचा सावरून घ्यायचा. नव्या नियमात तोच डाव फसला की समोर फक्त गोलकीपर. परिणाम एका वर्षात दिसला: फर्स्ट डिव्हिजनमध्ये १९२४-२५ला ११९२ गोल, १९२५-२६ला १७०३. सामने दोन्ही वेळा ४६२च.

आता मुद्दा. हे वाढलेले ५११ गोल सगळ्या जागांवरच्या खेळाडूंना सारखे वाटून मिळाले नाहीत. तेव्हाचा सेंटर हाफ हा आजच्यासारखा बचावपटू नव्हता. तो मधल्या फळीतून चेंडू वाटायचा आणि हल्ल्यात वर जायचा. त्यामुळे मैदानाच्या मधोमध, दोन फुलबॅकच्या मध्ये, जी मोकळी जागा तयार झाली ती थेट सेंटर फॉरवर्डच्या, म्हणजे मधल्या मुख्य आघाडीवीराच्या, पायाशी आली. ब्लॅकबर्नच्या टेड हार्परने पहिल्याच वर्षी ४३ गोल करून विभागाचा विक्रम मोडला. पुढच्या वर्षी मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने सेकंड डिव्हिजनमध्ये ३७ सामन्यांत ५९ केले. त्याच्या पुढच्या वर्षी डीनचे ६०. तीन वर्षांत तीन विक्रम पडतात तेव्हा कारण एका माणसात शोधून भागत नाही.

ऑक्टोबर १९२५मध्ये न्यूकॅसलकडून ०-७ हरल्यावर आर्सेनलने सेंटर हाफला मागे ओढून तिसरा बचावपटू केला. ही रचना सगळीकडे रुजायला काही वर्षं गेली, आणि डीनचा मोसम नेमका त्या मधल्या काळातला आहे. म्हणून पूर्ण लीगच्या सरासरीवरून काढलेलं ०.७४७ हे गुणोत्तर सेंटर फॉरवर्डसाठी फार उदार आहे.

आकडेमोड

बचावफळी, जागा मोकळी होती हे मान्य. पण ती सगळ्यांसाठीच मोकळी होती. १९२८-२९ला सर्वाधिक गोल सुंदरलंडच्या डेव्ह हॅलिडेचे, ४३. १९३०-३१ला अ‍ॅस्टन व्हिलाच्या पाँगो वेअरिंगचे ४९. अव्वल विभागात डीननंतर सगळ्यात जवळ पोहोचलेला तोच, आणि तोही ११ गोल मागे. वेअरिंगच्या व्हिलाने त्या मोसमात १२८ गोल मारले, म्हणजे त्याचा वाटा ३८ टक्के. हालंडचा सिटीच्या ९४ गोलांत वाटाही ३८ टक्केच. डीनचा? एव्हर्टनच्या १०२पैकी ६०, जवळपास ५९ टक्के.

आणि हा संघ कोणता होता तेही पाहा. १९२६-२७ला एव्हर्टन २२ संघांत २०वा आला, ६४ गोल मारले आणि ९० खाल्ले. १९२७-२८ला विजेता. १९२८-२९ला १८वा. १९२९-३०ला तळाला, पदावनत. हे वर्चस्व गाजवणाऱ्या संघाचे निकाल नाहीत. मधलं एक वर्ष वर निघालं ते एका माणसामुळे.

दुबळ्या संघांची शिकार करून आकडा फुगवला, असंही म्हणता येत नाही. त्या मोसमाचा तक्ता विलक्षण दाटीचा होता. पहिल्या एव्हर्टनचे ५३ गुण, शेवटच्या मिडल्सब्रोचे ३७. टॉटनहॅम ३८ गुण मिळवूनही खाली गेला.

दोन_गुण

टक्केवारीचं माप मला पटत नाही. ५९ टक्के हा आकडा डीन किती चांगला होता हे सांगतो तितकंच बाकीचे किती कमी पडले हेही सांगतो. डीन वगळता अख्ख्या एव्हर्टनने ४२ सामन्यांत ४२ गोल केले. सगळा खेळ दोन्ही बाजूंच्या विंगरनी क्रॉस टाकायचे आणि डीनने डोक्याने किंवा पायाने ते आत घालायचे, असा बेतलेला होता. सिटीत हालंडच्या आजूबाजूला गोल करणारे चौघे-पाचजण असतात. वाटा संघाच्या बेतावर ठरतो, म्हणून तो दोन काळांच्या तुलनेत वापरू नये.

दुसरी त्रुटी धाग्यातच आहे. सामने मोजले, मिनिटं मोजली नाहीत. इंग्लंडमध्ये लीग सामन्यांत बदली खेळाडू १९६५-६६पासून आले. डीन ज्या ३९ सामन्यांत उतरला ते पूर्ण खेळला असं धरलं तर ३५१० मिनिटं. हालंड ३५ सामन्यांत जेमतेम २७७० मिनिटं मैदानावर होता, म्हणजे पूर्ण सामने पावणेएकतीस. आता ९० मिनिटांचा दर काढा: डीन १.५४, हालंड १.१७. हे दर आपापल्या काळाच्या सरासरीने भागा. डीन १.५४ भागिले ३.८२, म्हणजे ०.४०. हालंड १.१७ भागिले २.८५, म्हणजे ०.४१.

बरोबरी. किंबहुना केसभर हालंड पुढे. त्यात बचावफळी म्हणतात ती सेंटर फॉरवर्डसाठीची वेगळी कपात अजून लावलेलीच नाही.

टचलाइन

मिनिटांचा मुद्दा चांगला आहे, पण त्यातून निघालेला निष्कर्ष मला मान्य नाही.

३५१० हा आकडा फक्त कागदावरचा आहे. बदली खेळाडू नव्हते, तेव्हा जखमी माणूस मैदानावरच राहायचा, बहुधा विंगवर नेऊन उभा केला जायचा. अशी लंगडत काढलेली मिनिटंही डीनच्या खात्यात भागाकारात बसतात. हालंडच्या खात्यात ती नाहीत, कारण त्याला बाहेर घेतलं जातं. ७०व्या मिनिटाला बाहेर बसलेला खेळाडू पुढच्या सामन्याला ताजा उतरतो. त्याचा दर तसाच्या तसा ३५१० मिनिटांवर ताणता येणार नाही.

शिवाय मोसमाचा विक्रम हा दराचा नसतो, बेरजेचा असतो. चिखलात, चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड झालेला असताना, ४२पैकी ३९ सामन्यांना उभं राहणं हा त्या बेरजेचाच भाग आहे. आणि हे त्या मुलाने केलं ज्याची कवटी १९२६च्या मोटारसायकल अपघातात फुटली होती.

गुडिसनचा_कोपरा

तुम्ही सगळे चुकीच्या आकड्यावर भांडताय. एव्हर्टनच्या विक्रमवहीतला खरा मोठा आकडा ६० नाही, ३९९ लीग सामन्यांत ३४९ गोल हा आहे. एका मोसमात सगळं जुळून येऊ शकतं. तेरा वर्षं नशीब पुरत नाही.

१९२४-२५पासून १९३७-३८पर्यंत डीनचे लीग गोल मोसमवार मांडतो: २, ३२, २१, ६०, २६, २३, ३९, ४५, २४, ९, २६, १७, २४, १. बेरीज करून पाहा, बरोबर ३४९ येते. हे मुद्दाम दिलं, कारण १९३१-३२साठी काही याद्यांत ४५ऐवजी ४४ छापलेले सापडतात. ४४ घेऊन खाली एकूण मात्र ३४९ लिहिलेलं असेल तर ती यादी आतल्या आत विसंगत आहे. वापरू नका.

दुसरी काळजी: १९३०-३१चे ३९ गोल सेकंड डिव्हिजनमधले आहेत, ३७ सामन्यांत. अव्वल विभागाची तुलना करायची तर ते वजा करा. ३६२ सामन्यांत ३१० उरतात, सामन्याला ०.८६. अव्वल विभागात सर्वाधिक गोल करणाऱ्या जिमी ग्रीव्ह्जचे ५१६ सामन्यांत ३५७, म्हणजे ०.६९. प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या अॅलन शिअररचे ४४१ सामन्यांत २६०, म्हणजे ०.५९.

आणि बचावफळी यांना उत्तरही याच यादीत आहे. आर्सेनलची तीन बचावपटूंची रचना रुजल्यावर, नियम बदलून सहा-सात वर्षं झाल्यावर, डीनने १९३१-३२ला ३८ सामन्यांत ४५ केले आणि एव्हर्टन पुन्हा विजेता झाला. तोपर्यंत ती मोकळी जागा बुजलेली होती.

बचावफळी

बुजलेली होती म्हणता, पण त्याच्या आदल्याच मोसमात व्हिलाने १२८ आणि आर्सेनलने १२७ गोल मारले होते. तिसरा बचावपटू आला म्हणून गोल लगेच आटले नाहीत.

तुमच्या यादीवरून उलट माझाच मुद्दा पक्का होतो. त्याच माणसाचे, त्याच नियमाखाली, एका वर्षी २१, पुढे ६०, मग २६. ६० हा त्याचा नेहमीचा दर्जा नव्हता, ते शिखर होतं. ३४९ला माझा आक्षेप नाही. ६०ला "सर्वांत मोठा विक्रम" म्हणण्याला आहे. शेवटचे तीन गोलही पाहा. ५ मे १९२८, एव्हर्टनचं तेव्हाचं मैदान गुडिसन पार्क, आर्सेनलविरुद्ध ३-३. विजेतेपद आधीच नक्की झालेलं, आणि अख्खा संघ एकाच माणसाला चेंडू पुरवत होता. त्यातला एक गोल पेनल्टीवर.

आकडेमोड

२१ आणि २६च्या शेजारी सामनेही लिहा. १९२६-२७ला तो अपघातामुळे उशिरा परतला, २७ सामन्यांत २१. १९२८-२९ला २९ सामन्यांत २६. नुसती बेरीज ठेवून सामने गाळले की चित्र बिघडतं.

शेवटच्या दिवसाबद्दल: त्या सामन्याआधी त्याचे ५७ झाले होते आणि ५७ हाही अव्वल विभागाचा विक्रमच होता. हार्परचे ४३ कधीच मागे पडले होते. त्याच्या आदल्या आठवड्यात, २८ एप्रिलला, बर्नलीच्या मैदानावर एव्हर्टनने ५-३ असा विजय मिळवला, त्यात डीनचे चार. बर्नली १९वा आला, पदावनतीपासून फक्त एका गुणाने वाचलेला. त्या संघाला त्या दिवशी प्रत्येक गुण हवा होता. तिथे कुणी डीनला गोल बहाल करत नव्हतं. आर्सेनलविरुद्धचा साठावाही फुकटचा नव्हता. सामना संपायला काही मिनिटं उरलेली, अ‍ॅलेक ट्रूपचा कॉर्नर, आणि गर्दीतून उंच उठून मारलेला हेडर.

दोन_गुण

रूपांतराच्या मर्यादेबद्दल एव्हर्टनचंच उदाहरण देतो. १९६९-७०ला विजेतेपद ६६ गुणांनी आलं: २९ विजय, ८ बरोबरी, ५ पराभव, विजयाला दोन गुण. १९८४-८५ला ९० गुण: २८ विजय, ६ बरोबरी, ८ पराभव, विजयाला तीन. सामने दोन्हीकडे ४२. पहिल्याला तीन गुणांनी मोजलं तर ९५ होतात. हे गणित सरळ आहे, कारण विजय-बरोबरीची नोंद बदलत नाही, फक्त भाव बदलतो. तरीही तीन गुण असते तर १९७०चे संघ बरोबरीवर समाधान मानून खेळले असते का, हे त्यातून कळत नाही. गोलांचं रूपांतर याहून कितीतरी अवघड आहे.

१९९२च्या, म्हणजे प्रीमियर लीग सुरू होण्याच्या, आधीचं सगळं झाकून ठेवायचा जो सोपा मार्ग वाहिन्या वापरतात, तो मात्र मलाही मान्य नाही. त्या हिशेबाने एव्हर्टनचा लीगमधला सर्वाधिक गोल करणारा लुकाकू ठरतो, ६८ गोलांवर.

बचावफळी

मग माप मीच सुचवतो. लीगच्या सरासरीऐवजी फक्त पहिल्या दहा गोल करणाऱ्यांची सरासरी घ्यायची. १९२०-२१ ते १९२४-२५ असे नियमाआधीचे पाच मोसम आणि १९२५-२६ ते १९२९-३० असे नंतरचे पाच. सगळे मोसम ४२ सामन्यांचे, त्यामुळे सामन्यांची दुरुस्ती लागत नाही. दोन सरासऱ्यांच्या भागाकारातून सेंटर फॉरवर्डला नियमाने किती दिलं ते दिसेल. नियमाआधीचा उच्चांक ३८ आहे: एव्हर्टनच्याच बर्ट फ्रीमनचे १९०८-०९ला आणि बोल्टनच्या जो स्मिथचे १९२०-२१ला. मापलेले ६० या ३८च्या शेजारी ठेवू.

टचलाइन

माप मान्य, दोन अटींवर. नंतरच्या पाच मोसमांच्या सरासरीतून डीनला स्वतःला वगळा, नाहीतर त्याचे ६० त्याचीच कपात वाढवतील. आणि फक्त लीगचे गोल घ्या. काही याद्यांत १९२७-२८साठी ६३ दिसतात, त्यात एफए कपचे ३ मिसळलेले असतात.