आठवी ते दहावीच्या मुलांची नैराश्याची तपासणी शाळेनेच करावी

गोदाकाठ (धागाकर्ता)
परवाच्या पालकसभेत हीच मागणी केली आणि निम्मी सभा अंगावर आली. म्हणून इथे मांडतोय. शाळेत डोळे तपासतात, दात तपासतात, मग मन का नाही? पीएचक्यू-९ या नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीची किशोरांसाठी केलेली आवृत्ती आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, एका तासिकेत सगळा वर्ग उरकतो. आपल्याकडे मूल गप्प झालं की 'वयच तसं आहे', चिडलं की 'माजलाय', मार्क घसरले की कॉलेज रोडचा दुसरा क्लास. या वयात नैराश्य नुसत्या चिडचिडीतूनही दिसतं, हे किती पालकांना माहीत आहे? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला होता. साठच्या वर्गात चारेक मुलं झाली.

खडूफळा, सिडको
ठाम विरोध. मी वर्गशिक्षक आहे. निवडणूक याद्या, ऑनलाइन माहिती, खिचडीचा हिशेब यात आता हेही? आणि फॉर्म भरून झाल्यावर पुढे काय? युरोपातल्या दहा देशांत अकरा हजारांवर विद्यार्थ्यांवर 'सेली' नावाचा अभ्यास झाला, २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. प्रश्नावलीने मुलं हेरून तज्ज्ञाकडे पाठवली, तरी आत्महत्येच्या प्रयत्नांत लक्षणीय फरक पडला नाही. शिक्षकांना मुलं ओळखायचं प्रशिक्षण दिलं, तरी नाही. फरक दिसला तो मुलांनाच एकत्र बसवून चर्चा आणि भूमिकाभिनय करून घेतला त्या गटात. मग आपण नेमकी न चाललेली गोष्ट का उचलायची?

गोदाकाठ
सर, तो अभ्यास आत्महत्येचे प्रयत्न मोजत होता. मी नैराश्य ओळखण्याबद्दल बोलतोय. कुठल्या तपासण्या कराव्यात हे सुचवणाऱ्या अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने, म्हणजे प्रतिबंधक सेवा कृतिदलाने, १२ ते १८ वयासाठी ही तपासणी २०२२मध्येही सुचवली आहे.

सातपूरची आई
आणि कुणाला किती गुण पडले हे वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यायला किती वेळ लागेल? आमच्याकडे मुलीची चष्म्याची चिठ्ठीसुद्धा चार जणींनी वाचली. उद्या मुलं एकमेकांना 'ए डिप्रेशन' म्हणून हाका मारतील.

पंचवटीचा डॉक्टर
दोन्ही बाजूंना थोडं टोचेल असं लिहितो. २७ पैकी १० किंवा जास्त गुण पडले म्हणजे निदान झालं, असं नाही. समोर बसवून बोलावं लागतं. झोप, रक्तक्षय, थायरॉइड, घरातली मारहाण, रॅगिंग, सगळं बघावं लागतं. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल आहे. त्याला मुलाने 'हो' लिहिलं तर त्याच दिवशी मोठ्या माणसाने त्याच्याशी बोललंच पाहिजे. तो कागद दिवाळीच्या सुटीत कपाटात पडून राहणार असेल तर विचारूच नका. गोदाकाठ, तुम्ही सांगितलेल्या शिफारशीतही पुढच्या उपचारांची सोय गृहीत धरली आहे.

पण 'पुढे काय' याला उत्तर नाही, असंही नाही. सौम्य त्रासात समुपदेशन आणि दिनक्रम सावरणं यानेच बरीच मुलं उभी राहतात. मध्यम-तीव्र नैराश्यावर २००४च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध आणि विचार-वर्तन उपचार (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन) दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के किशोर बारा आठवड्यांत सुधारले, नुसत्या खोट्या गोळीवर ३५ टक्के. औषधाच्या पहिल्या काही आठवड्यांत मुलावर बारीक लक्ष ठेवावं लागतं, कारण काहींच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून मनाने गोळ्या सुरू करू नका, आणि बंदही करू नका.

सुरगाणेकर
तुम्ही सगळे शहरातलं बोलताय. आमच्या आश्रमशाळेतल्या मुलांचे आईबाप द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे. संमतीपत्रावर अंगठा कोणाचा घ्यायचा? आणि अहवाल द्यायचा तो कोणाला, अधीक्षकाला? पोरगं ज्याच्यामुळे गप्प झालंय, कधी कधी तोच असतो.

बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत 'सेहेर' नावाचा प्रयोग झाला. एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी चालवला, काही शाळांत बाहेरून आणलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसाने. दुसऱ्या प्रकारच्या शाळांत वातावरण सुधारलं आणि नैराश्याची लक्षणं घटली. शिक्षकांनी चालवला तिथे नाही. पदवीधर मानसशास्त्रज्ञच हवा असं नाही, पण मार्क देणारा आणि छडी धरणारा माणूस नको.

खडूफळा, सिडको
छडी केव्हाच गेली हो. बाकी मान्य.

गोदाकाठ
मग माणूस मागूया. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. आपल्या शाळेचा साठचा एकच वर्ग धरला तरी शंभराच्या निम्म्याहून जास्त मुलं होतात.

सातपूरची आई
तोवर आम्ही काय करायचं? आमच्या शेजारचा मुलगा महिनाभर क्रिकेटलाही उतरलेला नाही.

पंचवटीचा डॉक्टर
आवडती गोष्ट सुटणं हे महत्त्वाचं लक्षण आहे. त्याच्या आईशी बोला, आजच. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे. मूल जीव देण्याचं काही बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि थेट दवाखान्यात न्या.

गोदाकाठ
पुढच्या सभेला लेखी अर्ज देतोय. कलम एक, समुपदेशक. कलम दोन, तो रुजू झाला की वर्षातून एकदा प्रश्नावली, कागद त्याच्याच कुलपात. खडूफळा सर, सही करणार?

खडूफळा, सिडको
कलम एकवर करतो. दोन खोडा.

गोदाकाठ
नाही खोडणार. एकवर करा, दोनवर भांडू.